टेंगूळ राहील, चालेल?

“यात काही करायला नको, आपोआप बरं होईल,” असं सांगितलं की पेशंटला हायसं वाटतं, असं डॉक्टरांना वाटतं. प्रत्यक्षात पेशंट आधी भिंतीवरची सर्टिफिकिटं वाचतो, मग बायकोकडे बघतो आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावर म्हणतो, “याला कळतं ना नक्की?” तपासायचे हजार रुपये घेऊन काहीच न करणारा माणूस आपल्या मनाला पटत नाही. निदान एखादं इंजेक्शन टोचावं, लाल रंगाचं बाटलीतलं औषध लिहून द्यावं, गेला बाजार वांगं-बटाटा तरी बंद करावा. ज्याला पथ्य नाही त्याला आजार म्हणायचं कसं आणि भेटायला येणाऱ्यांना सांगायचं काय?

माझ्या साडूंचा खांदा ऐन श्रावणात निखळला, तेव्हा त्यांच्यावर हाच प्रसंग ओढवला. साडू बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. पन्नाशीनंतर पुण्याच्या पुरुषांना दोनच गोष्टी खुणावतात : एक शास्त्रीय संगीताचा क्लास, दुसरी गिअरची सायकल. साडूंना गळा नव्हता. पूर्वी पुण्यात ज्याला दुसरं काही परवडत नसे तो सायकल चालवायचा. आता सायकल परवडते तोच ती चालवतो. साडूंची सायकल त्यांच्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग होती. शिवाय अंगाला चिकटणारी ती चड्डी, पाठीवर खिसा असलेली पोपटी जर्सी आणि हेल्मेट. दर रविवारी पहाटे हा सगळा सरंजाम खडकवासल्याला जायचा, भजी खायचा आणि जाळलेल्या कॅलरी व्याजासकट परत घेऊन यायचा.

परतीच्या वाटेवर, आदल्या रविवारी जिथे नव्हता तिथे एक स्पीडब्रेकर होता. आपल्याकडे स्पीडब्रेकर रात्रीत उगवतो आणि त्याला पांढरे पट्टे पुढच्या आर्थिक वर्षात मिळतात. साडूंनी पुढचा ब्रेक करकचून दाबला. सायकल थांबली, साडू थांबले नाहीत. हँडलवरून पलीकडे जाऊन ते उजव्या खांद्याच्या टोकावर उतरले. हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही आणि याचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटलं. “एवढे पैसे घालून हेल्मेट घेतलं, त्याचा काही उपयोग नाही झाला,” असं ते कॅज्युअल्टीत सारखं सांगत होते. तिथल्या सिस्टरनी जर्सी काढण्यासाठी कात्री आणली, तेव्हा खरी किंकाळी फुटली. खांदा दुखत होताच, पण जर्सी सेलमध्ये घेतलेली नव्हती.

पडताना माणूस हात पुढे टाकतो तेव्हा मनगट मोडतं, नाहीतर कॉलरबोन. हात अंगाशी राहिला आणि खांद्याचं टोकच जमिनीला भिडलं तर हा वेगळा प्रकार होतो. सायकलवाल्यांना होतो, मोटारसायकलवाल्यांना होतो, कबड्डीपटूंना, पैलवानांना आणि घोड्यावरून पडणाऱ्यांना होतो. खांदा म्हणजे एक सांधा असं आपण धरून चालतो. दंडाच्या हाडाचा गोळा वाटीत फिरतो तो मोठा सांधा, सगळी प्रसिद्धी त्याला. पण त्याच्या वर, गळ्याच्या खळगीपासून निघालेलं कॉलरबोनचं आडवं हाड आणि पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचा पुढे आलेला कोपरा जिथे भेटतात, तिथे बोटाच्या पेराएवढा आणखी एक सांधा आहे. अॅक्रोमिओक्लॅव्हिक्युलर हे त्याचं पूर्ण नाव. दवाखान्यात त्याला एसी जॉइंट म्हणतात. हे ऐकून मेहुणीबाईंच्या शेजारणीने तिथल्या तिथे निदान केलं : “रात्रभर एसी लावून झोपतात ना, सांधा धरणारच.”

या छोट्या सांध्याला वरून एक लिगामेंट बांधून ठेवतं. थोडं आतल्या बाजूला आणखी दोन जाड लिगामेंट्स कॉलरबोनपासून खाली उतरतात आणि पाठीच्या त्या हाडाला धरून ठेवतात. खांद्याच्या टोकावर आपटलं की आधी वरचं फाटतं, जास्त जोरात आपटलं की खालची दोन्ही फाटतात. मग खांद्यावर एक उंचवटा दिसू लागतो, शर्टाच्या आतून कुणी अंगठा दाखवावा इतपत. सगळे म्हणतात, हाड वर आलं. हाड कुठेही आलेलं नसतं, ते बिचारं होतं तिथेच असतं. खाली गेलेला असतो हात. एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतं. साडू ऐंशी किलोंचे, म्हणजे चार किलोंचा ऐवज त्या दोन दोऱ्यांवर लटकत होता. दोऱ्या तुटल्या, ऐवज खाली आला आणि दांडी उघडी पडली. डॉक्टरांनी हे साडूंना समजावून सांगितलं. साडूंनी ते आम्हाला सांगितलं. तरीही घरी आलेल्या एकाही माणसाने हात वर उचलून पाहिला नाही. प्रत्येकाने हाडच दाबून पाहिलं.

दाबलं की ते खाली जातं आणि बोट काढलं की पुन्हा वर येतं. पेटीच्या पट्टीचं जे चालतं तेच. डॉक्टर मंडळी याला पियानोच्या पट्टीचं लक्षण म्हणतात, पण आमच्या नात्यात पियानो कोणाकडे नसल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर काळी चारच लावून पाहिली. कळ साडूंच्या मेंदूपर्यंत जायची. पण भेटायला आलेल्या माणसाला ‘हात लावू नका’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. फार तर ‘चहा घ्या’ म्हणून त्याचे हात गुंतवता येतात. मेहुणीबाईंनी त्या पंधरवड्यात चहाचं प्रमाण बरंच वाढवलं होतं.

एक्स-रेची गंमत वेगळीच. ट्यूब डोक्याच्या दिशेने दहा-पंधरा अंश कलती करून दोन्ही खांद्यांचा फोटो काढतात, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. झांका नावाच्या डॉक्टरने १९७१ साली ही तऱ्हा मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं एक भारी पद्धत चालायची : पेशंटच्या दोन्ही मनगटांना चार-पाच किलोंची वजनं बांधायची आणि मग फोटो काढायचा, म्हणजे फाटलेलं नीट उघडं पडतं. पेशंटही उघडा पडत असावा. आता हे सहसा कोणी करत नाही, कारण दुखऱ्या हाताला वजन टांगून मिळालेल्या माहितीने उपचारात फारसा फरक पडत नाही, हे लक्षात आलं. मेहुणीबाईंना साडूंनी हा इतिहास सांगितला, तर त्या म्हणाल्या, “मी रोज मंडईतून दोन्ही हातांना तेवढंच वजन लटकवून येते, माझा फोटो कोणी काढत नाही.”

मग प्रतवारी. साठीच्या दशकात टॉसी आणि ऑलमन या दोघांनी या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. टेक्सासच्या चार्ल्स रॉकवूड यांनी १९८४ साली त्यांच्या सहा केल्या. पहिल्या प्रकारात लिगामेंट नुसतं ताणलेलं. दुसऱ्यात वरचं फाटलेलं, खालची दोन शाबूत. तिसऱ्यात तिन्ही गेलेली आणि टेंगूळ दिसायला लागलेलं. चौथ्यात हाड मागे सरकून मानेच्या स्नायूत घुसलेलं, पाचव्यात ते कातडीखाली पार तंबू ठोकून बसलेलं. सहाव्यात कॉलरबोन चक्क खाली जाऊन अडकतं आणि हा प्रकार इतका दुर्मीळ, की कित्येक हाडाच्या डॉक्टरांना तो उभ्या कारकिर्दीत पुस्तकाबाहेर भेटत नाही. साडूंचा रिपोर्ट आला : ग्रेड तीन.

“सहापैकी तीन,” सोसायटीचे चिटणीस म्हणाले, “म्हणजे पन्नास टक्के. पास झालात.”

पण तिसऱ्या ग्रेडसारखी अडचणीची ग्रेड नाही. पहिल्या दोन प्रकारांत ऑपरेशन नको यावर जगभरच्या डॉक्टरांचं एकमत आहे. चौथ्यापासून पुढे बहुतेक जण ऑपरेशन करा म्हणतात. मधला तिसरा मात्र पानसुपारीच्या तबकासारखा फिरत राहतो. भांडण मिटावं म्हणून २०१४ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने त्यातही दोन तुकड्या पाडायची सूचना केली : सांधा त्यातल्या त्यात स्थिर असेल तर तीन अ, डगमगत असेल तर तीन ब. मग साडूंना फोनवर प्रश्न येऊ लागले, “तिसरी अ की तिसरी ब?” एका काकूंनी सवयीने ‘वर्गशिक्षिका कोण?’ असंही विचारून घेतलं असतं, पण तेवढ्यात रेंज गेली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, “हात दोन-तीन आठवडे गळ्यात ठेवा, बर्फाने शेका, दुखलं तर ही गोळी घ्या. दुखणं उतरलं की व्यायाम सुरू करू. टेंगूळ राहील, चालेल?”

आणि इथे सगळं बिनसलं. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर असतं. प्लॅस्टरला इज्जत असते. त्यावर नातवंडं स्केचपेनने चित्रं काढतात, बसमध्ये जागा मिळते. गळ्यातली निळी झोळी मेडिकलच्या दुकानात तीन-चारशे रुपयांना मिळते आणि ती घालून फिरणाऱ्याकडे लोक काम टाळणारा माणूस म्हणून बघतात. त्यात ‘ऑपरेशन कधी?’ या प्रश्नाला ‘नाहीये’ असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. तो घरून मोसंबी घेऊन निघालेला असतो.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त अभियंत्यांचा आला. “श्रेयस अय्यरचं काय झालं? इथे गहुंज्याला, इंग्लंडविरुद्ध, २३ मार्च २०२१. क्षेत्ररक्षण करताना पडला. मी मैदानातच होतो. ऑपरेशन केलं, म्हणून परत खेळला.” त्या सामन्याला कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता, हे कोणी बोललं नाही, माणूस आजाऱ्याला भेटायला आला होता. शिवाय अय्यरचा सरकला होता तो खालचा, गोळ्या-वाटीचा मोठा सांधा. साडूंचा वरचा छोटा. त्या दोघांचे उपचार वेगळे, धोके वेगळे. मोठा सांधा निखळला तर तो लवकरात लवकर डॉक्टरांनीच जागेवर बसवावा लागतो, कारण शिरा आणि नसा तिथून जातात. छोट्याला तसली घाई नसते. हे साडूंनी सांगितल्यावर अभियंते म्हणाले, “खांदा तो खांदाच,” आणि मोसंबी ठेवून गेले.

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी परळहून पुतण्या आला. तो गोविंदा पथकात आहे. राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिल्यापासून तो स्वतःला खेळाडू म्हणवतो. दर वर्षी मुंबईतल्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, केईएममध्ये, नायरमध्ये, सायनला, गोविंदांसाठी आधीपासून खाटा राखून ठेवतात. तेव्हा पडण्याच्या विषयात या मुलाचा शब्द प्रमाण. त्याने साडूंचं टेंगूळ दुरूनच पाहिलं आणि विचारलं, “काका, सायकलवरून? एवढंच?” मग बनियनचा बंद बाजूला करून स्वतःचं दाखवलं. तंतोतंत तसंच, डाव्या खांद्यावर. थर कोसळला तेव्हा झालं होतं. थोडे दिवस दुखलं, मग थांबलं. डॉक्टरकडे जायचं राहूनच गेलं. आता त्याच खांद्यावर वरच्या थरातला माणूस पाय ठेवून उभा राहतो. “उलट बरं पडतं, त्याचा पाय सरकत नाही,” असं तो म्हणाला. मला त्या दिवशी संपूर्ण पंधरवड्यातलं पहिलं शास्त्रीय विधान ऐकल्यासारखं वाटलं. साडूंना मात्र पुतण्याच्या टेंगळाला कोणीही नंबर दिलेला नाही, याचंच समाधान वाटत होतं.

त्यानंतर यवतमाळकडच्या आत्या आल्या. आत्यांच्या मते शहरातल्या डॉक्टरांना हाड कळत नाही, फोटो कळतो. त्यांनी आल्या आल्या आंबेहळद आणि तुरटी उगाळली. दुसऱ्या दिवशी एरंडाचं पान आलं, तिसऱ्या दिवशी निर्गुडीचं तेल. चौथ्या दिवशी त्यांनी तूप गरम केलं, त्यात हळद कालवली आणि साडूंच्या उघड्या खांद्याला दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. मेहुणीबाईंनी सहज कॅलेंडर बघितलं. पोळ्याचा आदला दिवस होता. त्या दिवशी गावोगाव बैलांची खांदेमळणी करतात, जुवाने सोललेल्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकतात. आत्यांनी हा योगायोग साफ नाकारला. पण चोळताना मधूनच त्यांच्या तोंडून जी ‘हो हो हो’ अशी आर्जवी हाक निघत होती, ती पेशंटला उद्देशून वाटत नव्हती. बैलांना त्या दिवशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. साडूंना निदान तेवढं तरी मिळायला हवं होतं.

आत्यांचा खरा भरवसा हाडवैद्यावर. पुण्याबाहेर तासाभरावर एक आहेत, पिढीजात. मी, साडू आणि आत्या गेलो. ओसरीवर रांग होती. वैद्यबुवांची रीत अशी : पेशंटला चटईवर आडवं करायचं, स्वतःची टाच त्याच्या काखेत रोवायची आणि मनगट धरून हात ओढायचा. आमच्या पुढच्या माणसाचा खांदा या रीतीने बसला असेल किंवा नसेल, पण त्याने जो आवाज काढला तो ऐकून साडू चपला शोधू लागले. गंमत म्हणजे काखेत टाच देऊन हात ओढायची ही रीत हिप्पोक्रेटिसच्या नावावर आहे. मोठा सांधा निखळला तर ती त्याने सांगितलेली. आणि सुमारे २४०० वर्षांपूर्वी त्यानेच लिहून ठेवलं, की वैद्य लोक या वरच्या छोट्या सांध्याच्या इजेला मोठा सांधा निखळला असं समजून फसतात आणि भलतंच काहीतरी करून बसतात. पुढे त्याने असंही सांगितलं, की या इजेने हाताच्या कामात लहान-मोठं कोणतंच वैगुण्य राहत नाही; फक्त टेंगूळ राहतं, कारण ते हाड पूर्ववत जागेवर बसत नाही. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी हजार रुपयांत जे सांगितलं ते हिप्पोक्रेटिसने आधीच सांगून ठेवलं होतं, फी न घेता.

त्याच्यानंतर साडेपाचशे-सहाशे वर्षांनी गॅलेन झाला. तरुणपणी तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, त्यामुळे तुटकं-फुटकं त्याने भरपूर पाहिलेलं. कुस्ती खेळताना स्वतः त्याचाच हा सांधा सुटला. आपलं निदान त्याने आपणच केलं आणि हिप्पोक्रेटिसच्या पद्धतीने हाड दाबून धरणाऱ्या घट्ट पट्ट्या बांधून घेतल्या. या पट्ट्यांचा वंश पुढे विसाव्या शतकापर्यंत चालला. कॉलरबोन खाली आणि कोपर वर रेटणारे पट्टे निघाले, बक्कल लावलेले. पण हाड दाबून धरायचं तर पट्टा करकचून बांधावा लागतो, करकचून बांधला की कातडी सोलते, सैल केला की हाड वर. आता बहुतेक ठिकाणी साध्या झोळीवर भागवतात.

‘नुसती झोळी’ सहन न होऊन साडूंनी दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांचं मत घेतलं. रिसेप्शनला सोफा होता, मासे होते, टीव्हीवर गुडघ्याची जाहिरात होती. या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि साडूंचा चेहरा किती दिवसांनी खुलला! कुठलं ऑपरेशन, हा मात्र प्रश्नच होता. या एका पेराएवढ्या सांध्यासाठी आजवर दीडशेच्या वर शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या आहेत. ज्या रोगावर एवढे उपाय असतात त्यातला एकही पुरेसा चांगला नसतो, असा मला संशय आहे; डोक्यावरच्या केसांबद्दलही माझा हाच अनुभव आहे. १९४१ मध्ये बॉसवर्थने कॉलरबोनमधून खालच्या हाडात सरळ एक स्क्रू ठोकला. १९७२ मध्ये वीव्हर आणि डन यांनी कॉलरबोनचं टोक कापायचं आणि बाजूचं एक लिगामेंट सोडवून इथे आणून बांधायचं असं ठरवलं. (सोसायटीत शेजाऱ्याची वायर अशी आणून जोडली तर सर्वसाधारण सभा भरते.) सांध्यातून बारीक तारा घालायचीही पद्धत होती. त्या तारांना प्रवासाची हौस. काही वेळा त्या जागा सोडून निघाल्या आणि फुप्फुसात, अगदी हृदयापर्यंत जाऊन पोचल्याच्या नोंदी आहेत. मग आकड्याची प्लेट आली. तिचा आकडा हाडाच्या खाली अडकवून कॉलरबोन दाबून ठेवायची आणि तो आकडा हाड झिजवायला लागायच्या आत, तीन-चार महिन्यांनी, दुसरं ऑपरेशन करून ती काढायची. अलीकडे दोन लहान धातूच्या गुंड्या आणि त्यांच्यामध्ये भक्कम दोरा, असं दुर्बिणीतून घालतात.

“गुंड्या आणि दोरा?” साडू म्हणाले. “हे तर शिंप्याचं काम.”

खरं आकर्षण होतं मेडिक्लेम. साडू बावीस वर्षं हप्ते भरत आलेले. आजवर एकदाही क्लेम नाही. झोळीवर क्लेम मिळत नाही, कारण साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्याशिवाय कंपनी फाईल उघडत नाही. आकड्याच्या प्लेटला दोनदा दाखल व्हावं लागतं. साडूंनी वहीत हिशेब मांडला, बँकेतली सवय. एका बाजूला बावीस वर्षांचे हप्ते, दुसऱ्या बाजूला दोन ऑपरेशनं, ट्विन शेअरिंग रूम, ब्रेकफास्टसह. आकडे जवळजवळ जुळत होते. खांद्याला काय हवं हा रकाना वहीत नव्हता.

तो रकाना पहिल्या डॉक्टरांनी भरला. कॅनडात काही रुग्णालयांनी मिळून ८३ जणांवर एक चाचणी केली, २०१५ साली ती छापून आली. निम्म्यांना आकड्याची प्लेट, निम्म्यांना नुसती झोळी. पहिल्या काही महिन्यांत झोळीवाल्यांचे हात जास्त चांगले चालत होते. वर्षाने आणि दोन वर्षांनी पाहिलं तर दोघांत दखल घ्यावी असा फरक उरला नव्हता. एक्स-रे मात्र ऑपरेशनवाल्यांचेच देखणे होते. “टेंगूळ जातं,” डॉक्टर म्हणाले, “त्या जागी टाक्यांचा व्रण येतो. कुठलं हवं ते सांगा.” असं स्पष्ट बोलणाऱ्या डॉक्टरांकडे गर्दी का नसते, हे मला तेव्हा कळलं.

अर्थात सगळ्यांनीच झोळी घालून स्वस्थ बसावं, हेही सोफ्यावर बसून सांगायला सोपं आहे. हाड मागे घुसलेलं असेल, पाचव्या प्रकाराइतकं वर तटतटलेलं असेल किंवा महिनोन्‌महिने व्यायाम करूनही डोक्यावर हात नेता येत नसेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय राहत नाही. आणि खांद्यावर पोट असलेल्यांचा हिशेब वेगळाच असतो. मार्केट यार्डातल्या माथाडीला ‘तीन महिने ओझं उचलू नका’ हे सांगणारा कागद देऊन भागत नाही. तीन महिने काय खायचं ते कागदावर लिहिलेलं नसतं. साडूंचं ओझं म्हणजे सायकल गाडीच्या टपावर चढवणं, आणि तेही काम वॉचमन करायचा.

शेवटी झोळीच राहिली. झोळीत उजवा हात म्हणजे संसारातली बरीच गुपितं उघडी होतात. डाव्या हाताने जेवायला बसल्यावर आत्या पानावरून उठून जाऊ लागल्या, तेव्हा मेहुणीबाईंनी भरवायला सुरुवात केली. पहिला दिवस रोमँटिक गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन आला आणि साडू आ करून बसले ते आमटी निवेपर्यंत. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा लागला, कारण रोज त्यावरून भांडण व्हायचं. त्या कुशीवर झोपता येत नाही आणि दुसऱ्या कुशीवर वळलं की घोरणं थेट मेहुणीबाईंच्या कानात. गणपती आले तेव्हा आरतीला टाळ्या कशा वाजवायच्या हा पेच पडला. डावा हात मांडीवर मारून त्यांनी ठेका धरला आणि दर वर्षी चुकायचा तो ठेका या वर्षी बरोबर आला. गणपती उचलायचा मान पुतण्याकडे गेला. त्याने मूर्ती अर्थातच डाव्या खांद्याला टेकवली.

झोळीचाही मोह पडतो. दळण आणा म्हटलं की खांद्यात कळ यायची. शेजारचे आजोबा गेले तेव्हा वैकुंठाला जाताना ‘मला खांदा देता येत नाही हो’ असं साडू इतक्या जणांना इतक्या व्याकूळ होऊन सांगत होते, की लोक त्यांचंच सांत्वन करू लागले. पण झोळीत हात फार दिवस ठेवला तर खालचा मोठा सांधा आखडतो आणि मग खरंच महिनोन्‌महिने रडावं लागतं. म्हणून डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी झोळी जवळजवळ हिसकावून घेतली आणि फिजिओकडे पाठवलं. आधी वाकून हात नुसता लोंबता ठेवून झुलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढायचं, रोज एक वीत वर. मग दारावर कप्पी लावून दोरीने एक हात दुसऱ्याने उचलायचा. आत्यांचं हळद-तूप अजून चालूच होतं, त्यामुळे हॉलच्या भिंतीवर, दिवाळीसाठी नुकत्याच दिलेल्या ऑफव्हाइट रंगावर, पिवळ्या बोटांची एक शिडी छतापर्यंत चढत गेली. प्रगती मोजायला फिजिओला टेप लावायची गरज पडली नाही.

दिवाळीपर्यंत हात पूर्ण वर जाऊ लागला. श्रेय कोणाचं यावर घरात तीन पक्ष आहेत : आत्या, फिजिओ आणि अभियंत्यांची मोसंबी. ज्या डॉक्टरांनी काही केलं नाही त्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही.

टेंगूळ आहे. तुळशीचं लग्न झाल्यावर भाचीच्या लग्नासाठी साडूंनी कोट शिवायला टाकला, तेव्हा लक्ष्मी रोडवरच्या त्या म्हाताऱ्या शिंप्याने माप घेता घेता बोट तिथे थांबवलं. दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

“साहेब, या बाजूला भर घालायला नको, आयती आहे. पण मग दुसऱ्या बाजूला डबल पॅड टाकावं लागेल, नाहीतर कोट कलता दिसेल.”

साडूंनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे एका बाजूचं पॅड वाचलं, ते दुसऱ्या बाजूला गेलं. एकूण पॅडं दोनच. शिलाई तीच ठेवा.”

“शिलाई तीच,” शिंपी टेप गळ्यात टाकत म्हणाला, “पण तपासणीचे पन्नास वेगळे.”